माझदा एमएक्स-५

माझदा एमएक्स-५ ही जपानमधील माझदा कंपनीची हलक्या वजनाची, दोन आसनी आणि उघडता येणाऱ्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम जगासमोर आली. अमेरिकेत ती 'मियाटा' या नावाने, तर जपानमध्ये प्रारंभी 'युनोस रोडस्टर' आणि पुढे 'माझदा रोडस्टर' या नावाने ओळखली गेली. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, आसने दोनच आणि वजन एक टनाच्या आसपास, ही तिची मूळ चौकट चार पिढ्यांनंतरही बदललेली नाही. सर्वाधिक विक्री झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून २००० साली गिनेस बुकात तिची नोंद झाली. २२ एप्रिल २०१६ रोजी दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली.

वेगाच्या बाबतीत ही गाडी कधीच अग्रभागी नव्हती. तिच्या दुप्पट शक्तीच्या गाड्या तिच्या काळातही होत्या आणि आज तर साध्या कौटुंबिक मोटारीही सरळ रस्त्यावर तिला मागे टाकतात. असे असूनही मोटार चालवण्याच्या आनंदाची चर्चा निघाली की हिचे नाव येतेच. याचे कारण तिच्या रचनेत आहे.

नावाविषयी

कंपनीचे संस्थापक जुजिरो मात्सुदा. जपानी भाषेत कंपनीचे नाव आजही 'मात्सुदा' असेच उच्चारले जाते. परंतु 'माझदा' हे रोमन लिपीतील रूप जरथुष्ट्री धर्मातील अहुर मझ्द या देवतेच्या नावावरूनही घेतल्याचे कंपनी सांगते. पारशी समाजाच्या शेजारामुळे हे देवनाम मुंबईकर वाचकाला नवे नाही. ते हिरोशिमाच्या एका कारखान्यावर झळकावे, हा मात्र योगायोगाचा भाग. 'मियाटा' हा शब्द जुन्या जर्मन भाषेतील असून त्याचा अर्थ 'बक्षीस' किंवा 'मोबदला' असा सांगितला जातो.

पार्श्वभूमी

हलकी उघडी स्पोर्ट्स कार हा मुळात ब्रिटिश प्रकार. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांना एमजी कंपनीच्या छोट्या दोन आसनी गाड्यांची गोडी लागली आणि त्यांच्यामागोमाग या गाड्या अटलांटिक ओलांडून गेल्या. पुढे ऑस्टिन-हीली स्प्राइट (१९५८), ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२), एमजीबी (१९६२), तसेच इटलीतील अल्फा रोमिओ आणि फियाट यांच्या स्पायडर गाड्या आल्या. यातील बहुतेकींचे यांत्रिक भाग साध्या घरगुती मोटारींतून उचललेले असत. त्यामुळे त्या स्वस्त पडत आणि तरुण शिक्षकाला किंवा कारकुनालाही विकत घेता येत.

या परंपरेला शास्त्रीय बैठक दिली ती लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी. शक्ती वाढवण्यापेक्षा वजन उतरवावे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. १९६२ ची लोटस इलान ही त्याची उत्तम साक्ष. मधोमध कण्यासारखी पोलादी चेसिस, वर फायबरग्लासचे कवच आणि एकूण वजन सातशे किलोच्या आसपास. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचे बाह्यरूप पाहताना इलानची आठवण होते, आणि माझदाच्या माणसांनी हे ऋण फारसे लपवलेले नाही.

१९७० च्या दशकात हा प्रकार मोडकळीला आला. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल अशी धास्ती होती. धुराच्या नियमांमुळे इंजिनांची शक्ती घटली. अपघात-सुरक्षेच्या नियमांसाठी एमजीबीला जाड रबरी बंपर लावावे लागले आणि गाडीची उंचीही वाढवावी लागली, त्यामुळे वळणावरचा तिचा तोल बिघडला. शिवाय या गाड्या तेल गळवत, पावसात टपातून पाणी येई आणि विजेची जोडणी केव्हा दगा देईल याचा नेम नसे. १९८० मध्ये एमजीचा अ‍ॅबिंग्डन येथील कारखाना बंद पडला. त्याच वर्षी स्पिटफायरचेही उत्पादन थांबले. ज्याला चपळ गाडी हवी त्याने फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयसारखी टप असलेली, चार माणसांची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी घ्यावी, असा व्यवहारी निवाडा बाजाराने दिला होता.

जन्मकथा

१९७९ मध्ये बॉब हॉल या जपानी भाषा जाणणाऱ्या अमेरिकी मोटार-पत्रकाराची माझदाचे संशोधन प्रमुख केनिची यामामोतो यांच्याशी भेट झाली. माझदाने पुढे काय बनवावे, या प्रश्नावर हॉल यांनी जुन्या ब्रिटिश पद्धतीची साधी, स्वस्त, उघडी गाडी असे उत्तर दिले आणि फळ्यावर तिची आकृतीही काढून दाखवली. यामामोतो हे रोटरी इंजिन यशस्वी करणारे अभियंते; पुढे ते कंपनीचे अध्यक्ष झाले. हाकोनेच्या घाटातून ट्रायम्फ स्पिटफायर चालवल्यावर त्यांना या कल्पनेचे मर्म पटले, अशी हकीकत सांगितली जाते. दरम्यान हॉल स्वतःच माझदाच्या कॅलिफोर्निया शाखेत रुजू झाले होते.

१९८३ मध्ये कंपनीने नेहमीच्या उत्पादन-योजनेबाहेरचे काही प्रकल्प हाती घेतले. त्यात हा एक होता. टोकियो आणि कॅलिफोर्निया येथील आरेखन गटांमध्ये एक प्रकारची स्पर्धाच लावण्यात आली. टोकियोच्या गटाने पुढे इंजिन व पुढच्या चाकांना चालना, तसेच मध्यभागी इंजिन, असे दोन आराखडे मांडले. कॅलिफोर्नियाच्या गटाने पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना चालना ही जुनी मांडणी धरून ठेवली. पुढच्या वर्षी तीच निवडली गेली. या गटात त्सुतोमु ऊर्फ टॉम मातानो, मार्क जॉर्डन, वू-हुआंग चिन आणि कोइची हायाशी ही मंडळी होती.

पहिला चालता नमुना इंग्लंडमधील वर्दिंग येथील एका अभियांत्रिकी संस्थेकडून बनवून घेण्यात आला. १९८५ च्या शरद ऋतूत तो कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा शहराच्या रस्त्यांवर उघडपणे फिरवला, तेव्हा लोकांनी त्याचा पाठलाग करून चौकशा केल्या. अनोळखी माणसांचे ते कुतूहल कंपनीतील साशंक अधिकाऱ्यांना पटवण्यास उपयोगी पडले असावे. कारण १९८६ च्या आरंभी प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली. प्रत्यक्ष उत्पादनापर्यंतची धुरा तोशिहिको हिराई यांनी वाहिली.

घोडा आणि स्वार

हिराई यांच्या गटाने आपल्या कामाचे सूत्र म्हणून 'जिनबा इत्ताई' हा जपानी शब्दप्रयोग निवडला. त्याचा अर्थ 'माणूस आणि घोडा यांचे एक शरीर' असा होतो. भरधाव घोड्यावरून बाण सोडण्याची 'याबुसामे' ही जपानची जुनी कला आहे. त्यात धनुर्धराचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असल्याने घोडा केवळ शरीराच्या इशाऱ्यावर सांभाळावा लागतो. मराठीत घोडेस्वाराच्या बैठकीला 'मांड' म्हणतात आणि मांड पक्की असेल तर लगाम ओढावा लागत नाही, असे जाणकार सांगत. जपानी संकल्पनेच्या जवळ जाणारा दुसरा मराठी शब्द प्रस्तुत लेखकाला सुचत नाही.

हे सूत्र केवळ जाहिरातीपुरते नव्हते. आसन, स्टिअरिंग, गिअर, ब्रेक आणि कानावर पडणारा आवाज यांपैकी प्रत्येकातून चालकाला काय कळावे, याचा स्वतंत्र विचार झाला. इंजिनाच्या आवाजासाठी अनेक गाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकण्यात आले आणि त्यानुसार धूर सोडणाऱ्या नळीची घडण ठरली. गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सवरच बसवलेली असल्याने मध्ये तारा किंवा सांधे नाहीत. मनगटाच्या लहानशा हालचालीने गिअर बदलतो आणि बदलल्याचे तळहाताला कळते. ज्यांनी ही गाडी चालवली आहे ते इंजिनाआधी या दांडीविषयी बोलतात.

वजनाचे गणित

हलकेपणाचे फायदे शालेय भौतिकशास्त्रातूनही उमगतात. त्याच बलाने कमी वस्तुमानाला अधिक त्वरण मिळते, हा न्यूटनचा दुसरा नियम. म्हणून लहान इंजिन पुरते. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असल्याने ब्रेकवर येणारी उष्णता घटते, म्हणून ब्रेक लहान चालतात. वळणावर गाडीला वर्तुळाच्या केंद्राकडे ओढण्यासाठी लागणारे बलही वस्तुमानानुसारच वाढते. टायरची पकड मात्र त्यावरील भाराच्या पूर्ण प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणजे जड गाडी रुंद टायर लावून हलक्या गाडीची बरोबरी करू पाहते तेव्हा टायर, चाके, स्प्रिंगा आणि ते सारे तोलणारी चेसिस, सगळेच जड होत जाते. हलकेपणात हे चक्र उलट फिरते.

वजन किती यासोबत ते कोठे आहे हेही महत्त्वाचे. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर घेऊन माणूस जागच्या जागी चटकन वळू शकत नाही. त्याच घागरी छातीशी धरल्या तर वळणे सोपे जाते. एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या बरेच मागे सरकवलेले आहे. पहिल्या पिढीत बॅटरीदेखील बॉनेटखाली न ठेवता डिकीत ठेवली होती. परिणामी दोन माणसे बसल्यावर पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समान भार येतो आणि स्टिअरिंग वळवताच गाडीचे नाक विलंब न लावता वळते.

पहिल्या गाडीचे वजन जपानी बाजारातील रूपात सुमारे ९४० किलो, लांबी ३,९७० मिलिमीटर आणि दोन आसांमधील अंतर २,२६५ मिलिमीटर होते. १,५९७ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरी, सोळा झडपांचे इंजिन देशपरत्वे ११५ ते १२० अश्वशक्ती देई. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे होते. चारही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन होते. या किमतीच्या गाडीत ही चैनच होती. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट बसवली होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबताच मागची चाके लवचीक हिसका न देता लगेच प्रतिसाद देतात, त्याचे श्रेय या भागाकडे जाते. ब्रिटिश गाड्यांचे दोष मात्र जपानी कारागिरीने पुसले: टप एका हाताने उघडता येई, पाणी आत येत नसे आणि सकाळी गाडी हमखास सुरू होई.

विक्रीला येताच अमेरिकेत गाड्यांची टंचाई निर्माण झाली आणि १३,८०० डॉलरच्या मूळ किमतीवर विक्रेते वरकड रक्कम मागू लागले. पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचे यश पाहून इतर कंपन्याही जाग्या झाल्या. फियाट बार्केटा, एमजीएफ, बीएमडब्ल्यू झेड३, पोर्श बॉक्स्टर आणि लोटस एलीझ या गाड्या १९९० च्या दशकाच्या मध्यास एकापाठोपाठ आल्या. यांतील एलीझ सर्वांत कडवी; अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून बनवलेली तिची चेसिस आणि सव्वासातशे किलोंच्या आसपासचे वजन यांमुळे चॅपमन यांचा वारसा तिनेच खऱ्या अर्थाने चालवला. २०२१ मध्ये तिचेही उत्पादन संपले.

पुढील पिढ्या

दुसरी पिढी १९९८ मध्ये विक्रीस आली. डोळे मिटल्या-उघडल्यासारखे वरखाली होणारे दिवे गेले, मागची प्लास्टिकची खिडकी जाऊन काचेची आली. फरक बेताचे होते.

तिसऱ्या पिढीची (२००५) कथा वेगळी आहे. टक्कर-सुरक्षेचे नियम कडक झाले होते, ग्राहकांना हवेच्या अधिक पिशव्या हव्या होत्या आणि इंजिन दोन लिटरपर्यंत वाढले होते. प्रकल्पप्रमुख ताकाओ किजिमा यांनी 'ग्रॅम धोरण' अवलंबले: किलोंचा नव्हे, ग्रॅमचा हिशेब. आतील आरशाच्या घडणीतूनही काही ग्रॅम वाचवण्यात आले. गाडी मोठी होऊनही वजन आटोक्यात राहिले, हे अभियांत्रिकीचे यश खरे; तरीही अनेक जुन्या मालकांना ती अंगाने थोराड वाटली. वीजमोटरने मिटणाऱ्या कठीण टपाची आवृत्ती याच पिढीत निघाली.

चौथी पिढी २०१५ मध्ये नोबुहिरो यामामोतो यांच्या देखरेखीखाली आली आणि तिने उलटा प्रवास केला. तिची लांबी ३,९१५ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या पिढीहूनही कमी. जपानमधील दीड लिटर इंजिनाच्या सर्वांत साध्या आवृत्तीचे वजन ९९० किलो. सव्वीस वर्षांत मोटारी सर्वत्र फुगत गेल्या असताना, सुरक्षेची सर्व आधुनिक सामग्री घेऊनही हा आकडा हजाराखाली ठेवणे ही या गाडीच्या इतिहासातील सर्वांत अवघड कामगिरी म्हणावी लागेल. २०१६ मध्ये तिला वर्ल्ड कार ऑफ द इयर आणि त्याच संस्थेचा आरेखनाचा, असे दोन्ही पुरस्कार मिळाले. हिच्याच पायावर फियाटची नवी १२४ स्पायडर हिरोशिमा येथे बनवली गेली. ज्या इटालियन गाड्यांकडून प्रेरणा घेतली त्यांना केलेली ही परतफेडच.

मालक आणि त्यांचे वाद

या गाडीभोवती जगभर मालकांची मंडळे उभी राहिली आहेत. जपानमध्ये नागानो प्रांतातील कारुइझावा येथे १९९३ पासून दरवर्षी मालकांचा मोठा मेळावा भरतो. नेदरलँड्समधील लेलीस्टाड येथे १५ जून २०१३ रोजी ६८३ एमएक्स-५ गाड्यांनी एकामागोमाग फेरी काढून विक्रम नोंदवला. अमेरिकेत 'स्पेक मियाटा' हा हौशी शर्यतींचा प्रकार रूढ आहे. सर्वांच्या गाड्या नियमाने सारख्या ठेवल्या जात असल्याने जिंकणे चालकाच्या हातावर अवलंबून राहते.

मालकांचे आपसातील बोलणे ऐकले तर त्यात यंत्रज्ञान आणि गृहस्थी यांची सरमिसळ आढळते. आसनांच्या मागे टपावरील पाणी वाहून नेणारी छिद्रे असतात; त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पट्टीत साचून पत्रा आतून गंजतो. म्हणून जुनी गाडी घेताना आधी तेथे बोट फिरवून पाहावे, हा पहिला सल्ला. टप मिटताना मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची साखळी उघडावी, नाहीतर तिला घडी पडून ती धुरकट होते, हा दुसरा. सुरुवातीच्या काही इंजिनांतील क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असल्याने तेथील खाच झिजते, हे जाणणारा मालक विकणाऱ्याला उत्पादनाचे वर्ष विचारल्याखेरीज राहत नाही.

खरा वाद मात्र शक्तीचा आहे. एक पक्ष म्हणतो की गाडी उत्तम, पण इंजिन अपुरे. आणि तो टर्बो बसवतो, क्वचित अमेरिकी आठ सिलिंडरी इंजिनही कोंबतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की अपुरेपणातच गंमत आहे. वेगवान गाडी सार्वजनिक रस्त्यावर क्षणभरच पूर्ण क्षमतेने चालवता येते, पुढे कायदा आणि अक्कल दोन्ही आड येतात. हलक्या, माफक शक्तीच्या गाडीत तिसऱ्या गिअरपर्यंत इंजिन पूर्ण फिरवूनही वेग आवाक्यात असतो. वळणाआधी ब्रेक मारता मारता त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटर दाबून खालचा गिअर अलगद घालण्याचे कसब अशा गाडीत रोज वापरता येते. दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक सबळ दिसते. तथापि माझदानेच २०१८ मध्ये दोन लिटर इंजिनाची शक्ती १८४ अश्वशक्तीपर्यंत वाढवली, तेव्हा तक्रार करणारे फार थोडे होते, हेही नमूद करायला हवे.

मर्यादा

उंच माणसाला ही गाडी अडचणीची होते. सामानाला जागा नावापुरती. महामार्गावर टपाखाली वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज बराच येतो. मोठ्या वाहनांच्या गर्दीत आपण दिसतो की नाही, अशी शंका चालकाला सतत वाटते आणि ती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये या गाडीला 'न्हाव्याची गाडी' म्हणून हिणवले जाई. या शेऱ्यात गाडीच्या दोषापेक्षा बोलणाऱ्याची पुरुषीपणाविषयीची समजूतच अधिक दिसते.

भारतात

भारतात माझदाने ही गाडी अधिकृतपणे विकलेली नाही. जपान, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया येथील गाड्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या असल्या तरी पूर्ण तयार मोटारीवरील जबर आयातशुल्कामुळे तिची किंमत मूळ हेतूच्या विरुद्ध जाते. साध्या पगारदाराची स्पोर्ट्स कार येथे धनिकाची चीज ठरेल. या प्रकारातला भारतीय प्रयत्न म्हणजे सान मोटर्सची 'सान स्टॉर्म'. फायबरग्लासचे कवच आणि रेनोचे लहान इंजिन असलेली ही दोन आसनी गाडी मोजक्याच संख्येने रस्त्यावर आली.

विजेच्या युगात

विजेवर चालणाऱ्या मोटारीत बॅटरीचेच वजन काही शे किलो असते आणि ते कमी करायचे तर एका दमात कापता येणारे अंतर घटते. इंजिन, गिअर आणि धुराच्या नळीचा आवाज ही चालकाशी बोलण्याची साधनेही त्यात उरत नाहीत. जुनी गाडी टिकवण्याची धडपड त्यामुळेच वाढली आहे. जपानमध्ये माझदाने स्वतः पहिल्या पिढीच्या गाड्यांचे जीर्णोद्धाराचे काम सुरू केले असून बंद पडलेले काही सुटे भाग, टपाचे कापड आणि लाकडी स्टिअरिंगसुद्धा, पुन्हा बनवून देण्यात येऊ लागले आहेत.